६० किलोमीटरवरून खोली कळत नाही

प्रिय,

रविवारी घरी आलीस, चहा निवेपर्यंत एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारलास. "सर, भूकंपांचा सगळा डेटा डाऊनलोड होतो, मग उन्हातान्हात नोड, म्हणजे धक्के टिपणारी छोटी यंत्रं, पुरत कशाला हिंडायचं?" मी चिडलो आणि द्राक्षांच्या भावावर बोलू लागलो. आता लिहितो.

जवळ जा.

समज, तुझं सगळ्यात जवळचं नोंदणी केंद्र धक्क्यापासून ६० किलोमीटरवर आहे. धक्का ५ किलोमीटर खोल झाला की १५, याने पी लहर, म्हणजे धक्क्याची सगळ्यात आधी येणारी लाट, पोचायला फरक पडतो जेमतेम पाव सेकंदाचा. धक्क्याची वेळ जरा मागेपुढे धरली की तो जिरून जातो. संगणक तुला खोली देईल, दोन दशांश स्थळांपर्यंत देईल, पण तिच्यावर मी चार आण्यांची पैज लावणार नाही. तेच केंद्र ५ किलोमीटरवर असलं तर फरक जवळजवळ दीड सेकंदाचा. तो कुठे लपवशील?

किल्लारीला आम्ही पाचव्या दिवशी पोचलो. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीची रात्र सरत आलेली, विसर्जन आटोपून माणसं झोपलेली. ६.२ चा भूकंप, दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. आमची यंत्रं खोक्यांत तयार होती, गाडीच्या कागदावर एक सही व्हायची होती. मी सहीची वाट बघत बसलो. जपानच्या ओमोरींनी १८९४ मध्येच मांडून ठेवलंय की आफ्टरशॉक, म्हणजे मोठ्या भूकंपामागून येणारे धक्के, दिवसांच्या व्यस्त प्रमाणात घटतात. पहिल्या दिवशी १००, तर पाचव्या दिवशी साधारण २०. म्हणजे सगळ्यात भरगच्च दिवस आमची खोकी बंद असतानाच गेले. ते कुठून डाऊनलोड करशील, सांग बरं. यंत्र मांडीवर घेऊन एसटीने जाता आलं असतं. सुचलं नव्हतं असं नाही. धीर झाला नाही.

तुमच्याकडे आता डब्याएवढे नोड आहेत, आत बॅटरी, घड्याळ जीपीएसचं. २०११ मध्ये कॅलिफोर्नियात लाँग बीचला तेलाच्या शोधासाठी असे पाच हजारांवर मांडले होते. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातच रिजक्रेस्टला ४ जुलैला ६.४, दुसऱ्याच दिवशी ७.१, आणि काही दिवसांत लोक भ्रंशाला, म्हणजे खडक जिथे सरकला त्या भेगेला, नोडांच्या आडव्या रांगा लावून मोकळे! मोठ्या धक्क्याच्या कल्लोळात बुडालेला बारका धक्का अशा दाटीतच सापडतो, कारण शेजारच्या दहांनी तो त्याच ओळीने ऐकलेला असतो. तो उपसायला तुझं मशीन लर्निंग लागतं, कबूल. पण नोड काळ्या मातीत पुरला की कातळावर, त्याच्यावरचा बाण खरंच उत्तरेला होता का, शेजारी विहिरीची मोटार चालू होती का, हे फाइलीत नसतं. मऊ मातीत लाट फुगते. खड्डा ज्याने खणला त्यालाच ते ठाऊक. म्हणून म्हणतो, जवळ जा. निदान एकदा तरी.

आईला काळजी वाटते म्हणालीस. वाटणारच. २६ जानेवारी २००१ ला भूज हादरलं तेव्हा आमच्या मुलीला बघायला पाहुणे यायचे होते. पाहुणे पोहे खाऊन गेले आणि मी कच्छमधल्या भचाऊच्या वाटेवर. बायको अजून ऐकवते. लग्न झालंच ना पण? जावईही चांगला मिळाला. त्या खेपेला मी सहीसाठी थांबलो नाही, याचं मला आजही वाईट वाटत नाही. (थोडं वाटतं. तिला सांगू नकोस.)

पेठ-सुरगाण्याकडे अधूनमधून जमीन गुरगुरते. नाशकातून दीड-दोन तासांची वाट. अमेरिकेचा डेटा बघत बसण्याआधी तिकडचा एखादा कातळ तरी पायाखाली घे.

शनिवारी ये. माझा जुना जिओफोन, जमिनीची थरथर टिपणारा, माळ्यावर आहे, तो अंगणात पुरून बघू. टॉर्च आण, माळ्यावरचा दिवा गेलाय.

तुझा,
सर