ब्राउझरमध्ये चालणारा जीमेलचा पासवर्ड पायथॉन स्क्रिप्टमध्ये ५३५ एरर देतो. स्क्रिप्ट सोसायटीच्या सभासदांना मेंटेनन्सची बिलं मेलने पाठवते; तिचा डीबग लॉग सोबत चिकटवलाय. कोणालाही मेल न जाता लॉगिन तपासता येईल का?

आधी एक तातडीचं. प्रश्नात तुम्ही जो डीबग लॉग चिकटवलाय, त्यातली 'ऑथ प्लेन' या लॉगिनच्या आज्ञेपुढची लांबलचक अक्षरं लगेच काढा आणि पासवर्ड बदला. ते बेस६४ आहे, म्हणजे मजकूर लिहायची नुसती वेगळी पद्धत, एन्क्रिप्शन नव्हे. कोणीही ते क्षणात उलगडून तुमचा पासवर्ड वाचू शकतो.

आता मूळ प्रश्न. सोसायटीची मेंटेनन्सची बिलं पाठवणारी स्क्रिप्ट, आणि चाचणी करताना सगळ्या सभासदांना अर्धवट बिल जाईल ही धास्ती. पण लॉगिन तपासायला मेल पाठवावाच लागत नाही. एसएमटीपीमध्ये, म्हणजे मेल पाठवायच्या ठरलेल्या पद्धतीत, आधी सर्व्हरशी जोडणी होते, मग स्टार्टटीएलएस (जोडणी एन्क्रिप्टेड करणं), मग लॉगिन. मेल कोणाकडून आणि कोणाला हे त्यानंतर विचारलं जातं. म्हणून बिलांच्या स्क्रिप्टला हातच लावू नका. वेगळी छोटी फाइल करा: पायथॉनच्या एसएमटीपीलिब या लायब्ररीने ५८७ पोर्टवर जोडणी, स्टार्टटीएलएस, लॉगिन आणि क्विट (जोडणी बंद करणं). सभासदांची यादी त्या फाइलमध्ये येतच नाही, त्यामुळे चुकून मेल जायचा प्रश्न नाही. टर्मिनलची सवय असेल तर स्वॅक्स नावाचं टूल हेच काम एका ओळीत करतं; लॉगिननंतर थांब असं त्याला सांगता येतं.

उत्तरात २३५ आला की लॉगिन झालं. नाही आला, तर पूर्ण एरर वाचा, कारण तो आकडा बरंच सांगून जातो. ५३५ म्हणजे युजरनेम किंवा पासवर्ड मान्य नाही. जीमेलकडून ५३४ आला आणि सोबत ॲप पासवर्डचा (प्रोग्रॅमसाठी बनवलेल्या वेगळ्या पासवर्डचा) उल्लेख असेल, तर काय हवंय ते त्यानेच सांगितलंय. ५३० बहुतेक वेळा स्टार्टटीएलएस किंवा लॉगिनची पायरी गाळल्यामुळे येतो. आणि आकडा न येता नुसताच टाइमआउट झाला, तर पासवर्डला दोष देऊ नका, तो सर्व्हरपर्यंत पोचलेलाच नाही. ऑफिसचं नेटवर्क किंवा क्लाउड कंपनी पोर्ट अडवत असेल. २५ नंबरचा पोर्ट तर अनेक ठिकाणी बंदच असतो. ४६५ वापरायचा तर जोडणी पहिल्यापासून टीएलएसची लागते, त्यासाठी एसएमटीपीलिबमध्ये वेगळा क्लास आहे. ५८७ ची पद्धत ४६५ वर चालवली की स्क्रिप्ट नुसती लटकून राहते.

तुमचा ५३५ मात्र मला ओळखीचा वाटतो. साध्या जीमेल खात्यांसाठी गुगलने ३० मे २०२२ पासून अशा प्रोग्रॅममधून नेहमीचा पासवर्ड घेणं बंद केलं. ब्राउझरमध्ये तो चालतो, स्क्रिप्टमध्ये नाही, यात तुमचं काही चुकलेलं नाही. खात्यावर टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा, मग १६ अक्षरी ॲप पासवर्ड तयार करा आणि स्क्रिप्टमध्ये तोच द्या.

इथे एक खोच आहे. गुगल तो पासवर्ड चार-चार अक्षरांच्या गटांत दाखवतं. कॉपी करताना मधल्या जागा सोबत येतात, आणि कधीकधी त्या साध्या स्पेस नसून नॉन-ब्रेकिंग स्पेस (दिसायला तशाच, पण कॉम्प्युटरसाठी वेगळं अक्षर) असतात. मग पायथॉन एन्कोडिंगची एरर देतो आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो. चाचणीच्या फाइलमध्ये पासवर्ड छापू नका, त्याची फक्त लांबी छापा. १६ हवी. १९ आली तर तीन स्पेस राहिल्यात, १७ आली तर बहुधा शेवटी नवी ओळ चिकटलीय. पासवर्ड कोडमध्ये न लिहिता एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून (कोडबाहेर सिस्टिममध्ये ठेवलेल्या किमतीतून) घेत असाल, तर ही तपासणी हमखास करा.

लॉगिन फसलं म्हणून लूप लावून पुन्हापुन्हा प्रयत्न करू नका. जीमेल 'फार वेळा प्रयत्न झाले' म्हणून काही काळ दारच बंद करतं, आणि मग बरोबर पासवर्डही नाकारला जातो.

सोसायटीचं खातं असल्यामुळे अजून एक: मुख्य पासवर्ड बदलला की आधीचे ॲप पासवर्ड रद्द होतात. नवे खजिनदार आले, त्यांनी शहाणपणाने पासवर्ड बदलला, आणि पुढच्या महिन्यात बिलं गेलीच नाहीत, असं सहज घडू शकतं. हस्तांतराच्या कागदात ही ओळ घालून ठेवा.

लॉगिन जमल्यावर बिलांचा मजकूर आणि यादी तपासायची, ती जीमेलवर नको. तुमच्याच कॉम्प्युटरवर मेलपिट (मेल पुढे न पाठवता अडवून दाखवणारा चाचणीचा सर्व्हर) चालवा, स्क्रिप्टचा सर्व्हर लोकलहोस्ट (म्हणजे तुमचाच कॉम्प्युटर) आणि पोर्ट १०२५ करा, आणि त्या फेरीपुरत्या स्टार्टटीएलएस व लॉगिनच्या ओळी बंद ठेवा. सगळी बिलं तिथेच अडकतात, आणि ब्राउझरमध्ये पोर्ट ८०२५ वर एकेक उघडून कोणाच्या नावावर कोणाची थकबाकी लागलीय ते पाहता येतं.