मोनोगातारी म्हणजे गोष्टच!

प्रश्न असा आला आहे : “‘गेंजी मोनोगातारी’ या जपानी ग्रंथाला कोणी जगातली पहिली कादंबरी म्हणतं, कोणी गेंजीचं आख्यान, कोणी गेंजीची कहाणी. मोनोगातारीला नेमका मराठी शब्द कोणता? आणि उच्चार गेंजी की जेंजी?”

गेंजी. गवतातला ग.

‘जगातली पहिली कादंबरी’ हे ऐकून माझे कान किटले आहेत. म्हणणाऱ्याने निदान आपण कोणता शब्द उच्चारतो आहोत ते पाहावं. कादंबरी हे बाणभट्टाच्या नायिकेचं नाव आणि तिच्यावरून त्याच्या ग्रंथाचं. हर्षवर्धनाच्या काळात, म्हणजे सातव्या शतकात, बाणाने तो लिहायला घेतला आणि त्याच्यामागे त्याच्या मुलाने पुरा केला. मराठीने पुढे एकोणिसाव्या शतकात ते विशेषनाम उचलून सगळ्या जातीलाच लावलं. मुरासाकी शिकिबू या दरबारी लेखिकेची गेंजी अकराव्या शतकाच्या आरंभीची. तिच्या रोजनिशीत १००८ सालच्या नोंदीत एक दरबारी ‘इथे कुठे छोटी मुरासाकी आहे का?’ असं विचारत डोकावतो. त्या ग्रंथातलं पात्र तोवर दरबारात माहीत झालं होतं, हे त्यावरून कळतं. मग सातव्या शतकातल्या कादंबरीचं नाव घेऊन अकराव्या शतकातल्या ग्रंथाला ‘पहिली कादंबरी’ कसं म्हणायचं? आणि खुद्द गेंजीलाही हा मान नको आहे. तिच्यातच चित्रांच्या स्पर्धेचं एक प्रकरण आहे. तिथे वेळूतोड्या म्हाताऱ्याच्या जुन्या गोष्टीला, ‘ताकेतोरी’ला, मोनोगातारींमधली सर्वांत पहिली, सगळ्यांची मायबाप म्हटलं आहे. ग्रंथ स्वतः वडीलधाऱ्यांचं नाव घेतो आणि आपण त्याला ते घेऊ देत नाही.

कहाणी नको. मराठीत कहाणी म्हटली की हातात अक्षता येतात, उतू नये मातू नये येतं, ‘साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’ येतं. गेंजी सुफळ तर नाहीच. चौपन्नावं प्रकरण मध्येच थांबावं तसं थांबतं. आख्यान हा शब्द चांगला आहे, पण तो ‘हेइके मोनोगातारी’ या युद्धकथेसाठी राखून ठेवा. ती बिवा हे तंतुवाद्य छेडत आंधळे भिक्षू गावोगाव गात. तिच्या पहिल्याच ओळीत घंटा वाजते ती गिओन विहाराची, आणि गिओन म्हणजे आपल्या श्रावस्तीचं जेतवन. तिला आख्यान म्हटलं तर शोभेल.

गेंजीसाठी शब्द एकच : गोष्ट.

हा शब्द पोरकट वाटतो म्हणून आपण तो टाळतो. पण त्याचं कूळ बघा. गोष्ठ म्हणजे गाई जिथे उभ्या राहतात तो गोठा. तिथे माणसंही जमायची, म्हणून गोष्ठी म्हणजे बैठक. बैठकीत बोलणं होतं, म्हणून गोष्ठी म्हणजे बोलणं. गप्पागोष्टींत ते अजून जिवंत आहे. जे बोललं जातं ती हकिकत म्हणजे गोष्ट, आणि ज्याविषयी बोललं जातं ती बाबही गोष्टच. ‘एक गोष्ट सांगतो’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला राजाराणीही अपेक्षित असू शकते आणि घराचं भाडंही.

आता मोनोगातारी. ‘मोनो’ म्हणजे काहीतरी, एखादी बाब. ‘कातारी’ म्हणजे सांगणं. (समासात क चा ग होतो. त्या कातारीचं आपल्या ‘कथे’शी नातं जोडणारे लोक मला नेहमी भेटतात. कथा हे ‘कथम्’ म्हणजे ‘कसं’ यावरून आलं, त्याचा जपानीशी काही संबंध नाही.) ‘बाब सांगणं’ या जोडशब्दाला जपानीत दोन शब्द लागले, मराठीत बाब आणि सांगणं दोन्ही एका गोष्टीत मावतात. शिवाय जुन्या जपानीत मोनोगातारी म्हणजे नुसत्या गप्पाही, इतकंच काय, तान्ह्या बाळाचे हुंकारही. गेंजीत ते तसं येतं. आपणही पाळण्यात वाकून म्हणतोच ना, ‘काय गप्पागोष्टी चालल्यात?’

यावर ओरिकुचि शिनोबू या मोठ्या लोकसंस्कृती-अभ्यासकाचं म्हणणं समोर टाकलं जातं : हा ‘मोनो’ म्हणजे पिशाच्च, अदृश्य शक्ती, आणि मोनोगातारी म्हणजे तिच्या तोंडून आलेलं कथन. ‘मोनोनोके’ म्हणजे झपाटणारा आत्मा, हा त्याला आधार. ऐकायला फार सुंदर आहे आणि मला मुळीच पटत नाही. मग ‘मोनोमोदे’ म्हणजे देवदर्शनाला जाणं आणि ‘मोनोमी’ म्हणजे काही पाहायला जाणं, यांतही पिशाच्च बसवायचं का? गेंजीच्या ‘आओई’ प्रकरणात दोन्ही मोनो शेजारी आहेत. कामो देवस्थानाच्या उत्सवाची मिरवणूक पाहायला, म्हणजे मोनोमीला, गाड्यांची गर्दी होते. ग्रंथाचा नायक गेंजी, त्याच्या बायकोचे नोकर रोकुजो या मानी स्त्रीची गाडी मागे रेटतात. आणि त्या अपमानातून रोकुजोचा जिवंत देहातला आत्मा बाहेर पडून बायकोला झपाटतो. ते मोनोनोके. वाचणाऱ्याला कोणता मोनो कोणता हे एका क्षणात कळतं. ओरिकुचींच्या सव्वाशे-दीडशे वर्षं आधी मोतोओरी नोरिनागा या पंडिताने हे स्वच्छ सांगून ठेवलं होतं : बोलणे, सांगणे, पाहणे या क्रियांना मोघमपणा द्यायचा असला की पुढे ‘मोनो’ लावतात, बस्स. नोरिनागा मात्सुसाका गावात मुलांची वैद्यकी करायचा. बाळाच्या हुंकारातली मोनोगातारी त्याच्या कानांना नक्की ओळखीची असणार.

हे लिहिताना एक जुनी चीड उफाळून येते. ‘टेबलावरच्या गोष्टी उचल’, ‘बॅगेत गोष्टी भर’ हे मराठी कुठून आलं? हाताला लागतं ते वस्तू, सामान, जिन्नस. गोष्ट हाताला लागत नाही. मोनोगातारीतला मोघम मोनो सोडला तर जपानी माणूसही हा भेद पाळतो : वस्तूला मोनो, घटनेला किंवा बाबीला ‘कोतो’. आणि कोतोचा आणखी एक अर्थ शब्द, उच्चार. म्हणजे तिथेही बोलणं आणि बाब एकाच घरात नांदतात, अगदी आपल्या गोष्टीसारखे.

पण मला सर्वांत आवडतो तो ‘कातारु’ हा धातू. कातारु म्हणजे सांगणे, आणि नंतरच्या जपानीत कातारु म्हणजे फसवणे, तोतयेगिरी करणे. चिन्ह वेगळं लिहितात, शब्द तोच. मराठी आई मुलाला दटावते, ‘उगाच गोष्टी सांगू नकोस’, तिथे गोष्टीचा अर्थ हाच, थाप.

मुरासाकीला हा धागा पुरता ठाऊक होता. ‘होतारु’ म्हणजे काजव्यांच्या प्रकरणात पाऊस थांबत नाही, आणि बायका सचित्र मोनोगातारी वाचत, उतरवून घेत बसल्या आहेत. गेंजी आपल्या मानलेल्या मुलीला, तामाकाझुराला, चिडवतो : खोटं आहे हे माहीत असून तुम्ही बायका यात जीव रमवता! ती म्हणते, खोटं बोलायची सवय असलेल्याला तसं वाटत असेल, मला तर सगळं खरंच वाटतं. आणि दौत बाजूला सरकवते. मग तो वरमतो. राजांच्या बखरींत एकच बाजू असते, तपशिलातलं खरं इथेच आहे, असं म्हणतो, आणि साक्षीला थेट बुद्धाला आणतो : त्याच्या शिकवणीतही ‘होबेन’ असतं. होबेन म्हणजे आपला संस्कृत ‘उपाय’, खऱ्यापर्यंत नेण्यासाठी सांगितलेली गोष्ट.