तुमचे प्रश्न : स्टँडवर झोपणारा पोरगा

प्रश्न : माझी चिपळूणला स्टँडजवळ छोटी खानावळ आहे. आठ दिवस झाले एक पोरगा रात्री स्टँडच्या बाकड्यावर झोपतो आणि सकाळी माझ्याकडे चहा घेतो. १९ वर्षांचा आहे. काल हळूच म्हणाला, मावशी, मला मुलगे आवडतात, बाबांनी मोबाईल बघितला नि घराबाहेर काढलं. आमचे हे म्हणतात घरच्यांना फोन लाव नाहीतर आपल्यावर बालंट येईल. काय करू?
– एक खानावळवाली

उत्तर : ताई, त्याला विचारल्याशिवाय फोन अजिबात लावू नका. बापाचा राग चार दिवसांत निवळेल असं आपल्याला वाटतं, पण अशा पोरांना घरी नेऊन कोंडतात, नाहीतर मुलगी बघून मोकळे होतात.

बालंटाचं म्हणाल तर पोरगा सज्ञान आहे, आणि समलिंगी असणं गुन्हा नाही हे सुप्रीम कोर्टाने ६ सप्टेंबर २०१८ लाच सांगितलंय, त्यामुळे त्याला आसरा दिला म्हणून तुमचं काही वाकडं होत नाही. घरच्यांनी मिसिंगची तक्रार दिली असेल तर त्याने स्वतः चौकीत जाऊन सांगायचं की मी माझ्या मर्जीने बाहेर आहे. एकटा नको, वकील घेऊन. १५१०० ला फोन केला की विधी सेवावाले फुकट सल्ला देतात.

आता सगळे म्हणतील मुंबईला पाठव. अहो, रात्रीच्या तुतारी एक्स्प्रेसमध्ये बसवून दिला तर पहाटे दादरच्या फलाटावर झोपेल, मग फरक काय पडला! सरकारची गरिमा गृहं म्हणजे निवारे आहेत पण ते ट्रान्सजेंडर लोकांसाठी, याला तिथे जागा मिळायची नाही. मुंबईत हमसफर ट्रस्ट ही संस्था १९९४ पासून अशा समलिंगी लोकांसाठी काम करतेय, आधी त्यांच्याशी त्याला स्वतःला बोलू द्या, पुढचं ठरू द्या, तिकीट मग. (आपल्या अख्ख्या कोकणात अशा पोराने आसरा कुणाकडे मागायचा, तर स्टँडसमोरच्या खानावळवालीकडे, हेही बघा.)

तोवर खानावळीच्या माळ्यावर अंथरूण द्या. काम केलं तर रोज पैसे हातात द्या, झोपायला दिलंय म्हणून फुकट राबवू नका. त्याचं सिम बंद पडू देऊ नका, आधारचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. रात्री रडत बसला तर १४४१६, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, मराठीतही बोलतात. आणि गिऱ्हाइकांनी विचारलं तर इतकंच सांगा, कामाला पोरगा ठेवलाय. बाकीचं कुणाला सांगायचं ते तो बघेल, अगदी तुमच्या ह्यांनीही नाक्यावर बोलायचं नाही.