पहिली धमकी कानावर आली तर

ताई, वर्गशिक्षिका म्हणून पहिलंच वर्ष, पोटात गोळा येणारच. सुरुवातीला दोनच गोष्टी पक्क्या करा.

मूल नेमकं काय बोललं ते त्याच्याच शब्दांत, लगेच लिहून ठेवा. 'मारामारीची भाषा केली' असं मोघम नको. 'बघतोच तुला' हे रागाच्या भरात निघून जातं. 'शनिवारी सुटल्यावर, मागच्या जिन्यात' हे ठरवून बोललेलं असतं. वेळ, जागा किंवा हत्यार यातलं काही आलं की एकट्याने निर्णय घेऊ नका. त्याच तासाला मुख्याध्यापक आणि समुपदेशकांना सांगा.

दुसरं म्हणजे, घरी पहिला फोन तक्रारीचा नसावा. वर्ष सुरू होताच एखादी चांगली गोष्ट कळवा, मग कठीण दिवशी आईवडील ऐकून घेतात. त्या दिवशीही 'तुमच्या मुलाने' म्हणून सुरुवात करू नका. 'घरी हल्ली कसा असतो?' असं विचारा आणि गप्प बसा. बरंच काही कळतं.

नवीन शिक्षकांच्या नेहमीच्या चुका:
- सगळ्या वर्गासमोर जाब विचारणं
- 'गंमत केली असेल' म्हणून सोडून देणं
- सांगणाऱ्या मुलाचं नाव फुटू देणं

तिसरी सगळ्यात महागात पडते, कारण नाव फुटलं की पुढच्या वेळी मुलं सांगायला येत नाहीत. अमेरिकेतल्या शालेय हल्ल्यांवरच्या २००२ च्या सरकारी अहवालानुसार ८१ टक्के घटनांत कुणाला तरी आधी कल्पना होती, बहुतेकदा बरोबरीच्या मुलांना.