रबातचं (मोरोक्कोची राजधानी) स्वस्त विमान तिकीट: सुरुवातीला एवढंच बघा

फक्त 'रबात' टाकून शोधताय ना? तिथेच गंडतंय. रबात-साले विमानतळ छोटा, विमानं मोजकी. त्याऐवजी जवळचं मोठं शहर कासाब्लांका टाकून बघा. तिथे रेल्वे स्टेशन विमानतळातच आहे. शहरातल्या कासा-व्हॉयाजर्स स्टेशनला गाडी बदलली की तासाभरात रबात. उत्तरेकडचं तँजिअर शहरही तपासा, 2018 पासून तिथून रबातला अल बोराक ही वेगवान गाडी आहे.

जुलै-ऑगस्ट शक्यतो टाळा. युरोपातले मोरोक्कन तेव्हा घरी येतात, भाडी कडाडतात.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:
- बॅगेचे पैसे न धरणं. मी एकदा तिकिटापेक्षा बॅगेलाच जास्त मोजले!
- दोन वेगळी तिकिटं जोडून मध्ये जेमतेम दीड तास ठेवणं. पहिलं विमान रखडलं की दुसऱ्याचे पैसे बुडाले.

पॉइंट्स-माइल्सच्या (गुण साठवून तिकीट मिळवायच्या योजना) भानगडीत इतक्यात पडू नका.