पोरगी किती रात्री राहिली ते मोजून पैसे कापायचे नसतात

बाळा,

तुम्ही दोघं वेगळे झाल्यावर पोरीच्या आईला दरमहा किती पैसे द्यायचे, त्याचा तुझा एक्सेलचा तक्ता बघितला. पोरगी आठवड्यात तीन रात्री तुझ्याकडे अन्नपूर्णा रोडला असते, म्हणजे वर्षाच्या १५६ रात्री, म्हणून तिच्या खर्चाचे सातातले तीन भाग कट. गणित चुकलेलं नाही रे, पण ते इंग्लंडचं आहे, तुझ्या मावसभावाने पाठवलं असणार. तिकडे सरकारी कोष्टकच आहे, ५२ रात्रींपासून सातातला एक भाग कमी, १०४ ला दोन, १५६ ला तीन, आणि १७५ पासून पुढे अर्धी रक्कम. आपल्याकडे असं काही नाही. इथे इंदूरला फॅमिली कोर्टात बघतात ते मुलीला काय लागतं आणि दोघांची कमाई काय.

तुझी बायको पण नोकरीत आहे, हा मुद्दा मात्र खरा आहे, तो धर. २००० साली पद्मजा शर्मांच्या केसमध्ये नवऱ्याचा पगार साधारण दुप्पट होता तर सुप्रीम कोर्टाने मुलांचा खर्च २:१ असा वाटून दिला. आणि २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता, कर्ज सगळं अॅफिडेव्हिटवर द्यावं लागतं, त्यात फ्लॅटचा हप्ता लिही आणि एफडी विसरू नकोस, लपवलेलं बाहेर येतंच.

आता माझी गोष्ट. मी शनिवार-रविवार मुलाला आणायचो, छप्पन दुकानला खायला न्यायचो, आईस्क्रीम, बॅट, काय मागेल ते. मग तिकडून वह्या-पुस्तकांचे पैसे मागितले की मी तणतणायचो की इतका खर्च केला तो काय हवेत गेला? अरे, माझ्याकडे झोपला म्हणून त्याच्या शाळेची फी कमी होत नव्हती, रिक्षावाला महिन्याचे पूर्णच घ्यायचा, तिकडचं घरभाडंही तेवढंच. उलट दोन घरं झाली की खर्च वाढतो, कारण कंपास दोन, स्वेटर दोन. एकदा पीटीच्या दिवशी पोरगा चामडी बूट घालून गेला, कॅनव्हासचे आईकडे राहिले होते, आणि दुसरी जोडी कोणी घ्यायची यावर आम्ही दोघं शिकलेली माणसं आठ दिवस भांडलो. दोनशे रुपये असतील.

म्हणून तू असं कर, फी, मेडिक्लेम, क्लास यात कोणाचा किती वाटा ते कागदावर घ्या, उन्हाळ्याच्या सुट्ट्या पण लिहा, आणि पैसे यूपीआयनेच टाक, शेऱ्यात 'जून फी' असं लिहून, रोख देऊन नंतर कोण सिद्ध करत बसणार? रात्री खरंच वाढल्या असतील तर अर्ज कर, हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ मध्ये मुलांबद्दलचा आदेश नंतरही बदलून मागता येतो. पण स्वतःच्या मनाने एक रुपया कापू नकोस. उद्या पोरीची आई भेटू देत नाही म्हणून पैसे बंद, हे तर अजिबातच नाही, भेटीचा अर्ज वेगळा करता येतो, वकिलाला तेच सांग.

या शुक्रवारी आणायला जाशील तेव्हा तिच्या आईला बुटाचा नंबर विचारून घे. दिवाळीत घेतलेले आता होत नसणार.

तुझा काका