वाड्यात बालवाडी काढायची आहे…

प्रश्न : दांडिया बाजारात आमचा शंभरीपार वाडा आहे. मध्ये चौक, भोवती सागवानी खांब. मी निवृत्त शिक्षिका. तळमजल्यावर तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी बालवाडी काढावी म्हणते. कंत्राटदार सांगतो, चुन्याचा गिलावा काढून सिमेंट करू, खिडक्या घासून रंगवू. होकार देऊ का?
— एक वाचक, बडोदा

उत्तर : ताई, तूर्त नको. खिडक्यांना तर आज कुणाला हातही लावू देऊ नका. जुन्या ऑइलपेंटमध्ये, त्यातून हिरव्या-पिवळ्यात, शिसं असण्याची दाट शक्यता असते. कोरडं घासलं की त्याची धूळ फरशीवर बसते, आणि आपली मुलं फरशीवरच बसणार, तीच बोटं तोंडात घालणार. शिशाने वाढत्या मेंदूचं होणारं नुकसान भरून येत नाही. मी हाती घेतलेल्या एका वाड्यात रंगाऱ्याने दोन दिवस कोरडा पॉलिशपेपर चालवला. नंतर कितीतरी दिवस आम्ही गजांच्या खाचा ओल्या फडक्याने पुसत होतो. म्हणून आधी रंगाचा तुकडा प्रयोगशाळेत तपासून घ्या. शिसं निघालं तर पापुद्रे पाणी मारून, ओलेच काढायचे, खाली प्लास्टिक अंथरून. नवा रंग घेताना डब्यावर शिशाचं प्रमाण वाचा; 2017 पासून 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा आहे.

गिलावा चुन्याचाच राहू द्या. जुनी वीट पावसाळ्यात ओल ओढते, चुना ती बाहेर सोडतो. सिमेंट ती कोंडून ठेवतं, मग पोपडे सुटतात ते नेमके मुलं टेकून बसतात त्या उंचीवर.

‘अंगणवाडी’ हा शब्द बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांचा. मुलं शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच अंगणात नेली. तुमच्याकडे तर अंगण घराच्या पोटात आहे! ओसरीवर बसलेल्या बाईंना चारी बाजूंची मुलं दिसतील. खालचे कोनाडे बुजवू नका, मुलांच्या हाताला येणारी ती आयती फडताळं आहेत. माडीचा जिना मात्र दार लावून बंद करा, आणि चौकात पाण्याचं टाकं असेल तर झाकणाला कुलूप हवंच.

वापर बदलण्याच्या परवानगीची चौकशी पैसे घालण्याआधी महापालिकेत करा. आणि या आठवड्यात एवढं कराच : प्रत्येक खांबाच्या बुंध्याशी, दगडी तळखड्याला लाकूड टेकतं तिथे, स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. भुसभुशीत लागला तर वाळवी किंवा कुज असू शकते. त्या खांबाचा फोटो मला पाठवा, पुढचं मग बोलू.